वाण, गुण आणि तिसरं काहीतरी

१९७९ साली अमेरिकेतल्या मिनिॲपोलिस शहराच्या विमानतळावर शेहेचाळीस वर्षांचे दोन पुरुष एकमेकांसमोर आले. दोघांच्या डोळ्यांवर तारेच्या काडीचा चष्मा, ओठांवर एकाच घाटाची मिशी, अंगात खांद्यावर पट्ट्या आणि छातीवर दोन खिसे असलेला सदरा. ठरवून केलेलं काहीच नव्हतं. एक जण कॅलिफोर्नियात कपड्यांचं दुकान चालवणारा ज्यू, जॅक युफ. दुसरा जर्मनीतला खाणकामगार, ऑस्कर श्टोअर. १९३३ साली कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावर दोघं एकाच आईच्या पोटी, एकाच वेळी जन्मले होते.

बाप ज्यू, आई जर्मन कॅथलिक. मुलं सहा महिन्यांची असताना संसार मोडला. आई ऑस्करला घेऊन जर्मनीला गेली आणि जॅक बापापाशी राहिला. त्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला होता. ऑस्कर नाझी राजवटीत शिकला, 'हिटलर यूथ'मध्ये सामील झाला, आणि बाप ज्यू असल्याची गोष्ट घरच्यांनी दडवून ठेवली. जॅक त्रिनिदादमध्ये ज्यू म्हणून वाढला, सोळाव्या वर्षाच्या सुमारास इस्रायलला गेला आणि तिथल्या नौदलात दाखल झाला. १९५४ मध्ये भाऊ पहिल्यांदा भेटले तेव्हा भेट अगदी कोरडी झाली. तू इस्रायलहून आलायस हे कुणाला सांगू नकोस, असं ऑस्करनं भावाला बजावलं होतं.

पंचवीस वर्षांनी मिनिॲपोलिसमध्ये शास्त्रज्ञांनी दोघांना शेजारी बसवलं तेव्हा मौजेच्या गोष्टी बाहेर आल्या. दोघंही मासिक शेवटच्या पानापासून वाचायचे. दोघांच्या मनगटाला रबरबँड. संडास वापरण्याआधीही दोघं पाणी सोडायचे. अनोळखी माणसांत मुद्दाम जोरात शिंकून लोकांना दचकवण्याची खोड दोघांनाही होती. आणि महायुद्धाचा किंवा इस्रायलचा विषय निघाला की दोघांचं कडाक्याचं वाजायचं.

मराठीत या प्रश्नावर दोन म्हणी आहेत आणि दोन्ही एकमेकींच्या विरोधात साक्ष देतात. पहिली म्हणते, खाण तशी माती. दुसरी म्हणते, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. माणूस रक्तातून घडतो की संगतीतून, हा वाद पारावर, लग्न जमवताना आणि पोराच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना आपण रोज घालतो. हिंदी सिनेमानं आपला कौल कधीच देऊन टाकलाय. 'राम और श्याम' (१९६७) असो की 'सीता और गीता' (१९७२), चेहरा एकच, पण एक गरीब गाय आणि दुसरा वाघ, कारण एक छळाच्या घरात वाढला आणि दुसरा मोकळ्यावर. पवळ्याचा पक्ष. जॅक आणि ऑस्करला हा कौल निम्माच लागू पडतो. रबरबँड खाणीतून आला असेल, पण देव, देश आणि शत्रू ज्याच्या त्याच्या गोठ्यातून आले. आपली अदलाबदल झाली असती तर आपणच ऑस्करच्या जागी असतो, हे जॅकनं नंतर उघड कबूल केलं होतं.

ही भेट घडवून आणणारे मानसशास्त्रज्ञ म्हणजे मिनेसोटा विद्यापीठाचे थॉमस बुशार्ड. त्यांचं काम सुरू झालं ते वर्तमानपत्रातल्या एका बातमीमुळे. ओहायो राज्यात जन्मानंतर चार आठवड्यांत ताटातूट झालेले दोन भाऊ ३९व्या वर्षी, १९७९च्या फेब्रुवारीत भेटले होते. दत्तक घेणाऱ्या दोन्ही घरांनी आपापल्या मुलाचं नाव जिम ठेवलं होतं. दोघांच्या पहिल्या बायकोचं नाव लिंडा, दुसरीचं बेटी. दोघांनी मुलाचं नाव जेम्स ॲलन ठेवलं, फक्त एकाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. लहानपणी दोघांच्याही कुत्र्याचं नाव टॉय. दोघं नखं खायचे, दोघांना सारखीच डोकेदुखी. बुशार्ड यांनी धावपळ करून पैसे उभे केले आणि दोघा जिमना प्रयोगशाळेत आणलं. त्यातून उभा राहिलेला अभ्यास वीस वर्षं चालला. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या १३७ जोड्या तिथे येऊन गेल्या. प्रत्येक जोडी आठवडाभर मुक्कामाला असायची. हृदय, फुप्फुसं, मेंदूच्या लहरी, बुद्धिमापन, स्वभाव, आवडीनिवडी असं सगळं तपासलं जायचं आणि हजारो प्रश्नांची उत्तरं लिहून घेतली जायची.

दोन जिमची गोष्ट ऐकून अंगावर काटा येतो. पण जरा थांबायला हवं. १९८५च्या आसपास सांगली-साताऱ्याकडे जन्मलेले कोणतेही दोन अनोळखी पुरुष एका खोलीत बसवा आणि चार तास बोलू द्या. दोघांचं नाव सचिन निघेल, दोघांच्या बहिणीचं स्वाती, दोघांच्या घरची पहिली मोटारसायकल हिरो होंडा, आणि दोघांनीही विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधलेला असेल. लिंडा हे तर १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मुलींसाठी सर्वांत लोकप्रिय नाव होतं. दोघे जिम वाढले तेही साधारण एकाच आर्थिक थरातल्या घरांत, एकमेकांपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर. लिंडा नावाच्या मुलीशी लग्न करायला लावणारं जनुक असतं, असा दावा बुशार्ड यांनीही केला नाही. गंमतीच्या योगायोगांवर शास्त्र उभं राहत नाही. ते उभं राहतं शेकडो, हजारो जोड्यांच्या हिशेबावर, आणि तो हिशेब कसा मांडतात हे समजायला अवघड नाही.

जुळी दोन प्रकारची. एकाच फलित बीजाचे सुरुवातीच्या दिवसांत दोन भाग झाले, तर दोन्ही बाळांचा जनुकीय नकाशा एकच. दहावीच्या पुस्तकात त्यांना एकयुग्मजी म्हटलं आहे. आपण एकरूप जुळी म्हणू. आईच्या शरीरातून एकाच वेळी दोन बीजं सुटली आणि दोन्ही फळली, तर ती साधी जुळी, जनुकांच्या हिशेबात सख्ख्या भावंडांसारखी, फक्त गर्भाशयातला शेजार जास्तीचा. सख्ख्या भावंडांतली वेगवेगळी निघू शकणारी जनुकं सरासरीनं निम्मी जुळतात. (जोडकेळं खाल्लं की जुळं होतं, ही आजीची धास्ती यात कुठेच बसत नाही.)

आता दोन्ही प्रकारच्या जोड्या साधारण सारख्याच परिस्थितीत वाढतात असं धरलं, तर मोजमाप करता येतं. उंची घ्या. साम्याचा आकडा शून्य म्हणजे रस्त्यावरच्या दोन अनोळखी माणसांइतकं साम्य, आणि एक म्हणजे तंतोतंत. एकरूप जुळ्यांच्या उंचीत हा आकडा साधारण ०.९ येतो, साध्या जुळ्यांत ०.५च्या आसपास. फरक ०.४. साधी जुळी निम्म्याच जनुकांची धनी म्हणून तो दुप्पट करायचा, म्हणजे ०.८. उंचीतल्या फरकांत आनुवंशिकतेचा वाटा ८० टक्के, हे वाक्य इतक्या साध्या गणितातून येतं. वेगळ्या घरांत वाढलेली एकरूप जुळी सापडली तर गणित आणखी सरळ. वाण एक, गोठे दोन, म्हणून बुशार्ड त्यांच्या मागे लागले होते.

एक शंका लगेच येते. एकरूप जुळी दिसतात सारखी, म्हणून लोक त्यांना वागवतात सारखं, म्हणून ती वागतात सारखी, असं का नसावं? या शंकेचा छडा मोठ्या खुबीनं लावला गेला. कॅनडाच्या फ्रान्स्वा ब्रुनेल या छायाचित्रकारानं रक्ताचं नातं नसलेल्या, पण हुबेहूब एकमेकांसारख्या दिसणाऱ्या माणसांच्या जोड्या जमवल्या होत्या. बुशार्ड यांच्या सहकारी आणि स्वतः जुळ्या असलेल्या नॅन्सी सीगल यांनी अशा जोड्यांच्या स्वभावचाचण्या घेतल्या. चेहरे जुळले, स्वभाव जुळले नाहीत.

मिनेसोटाच्या गटानं १९९० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आपला हिशेब मांडला तेव्हा खळबळ उडाली. बुद्ध्यंकातल्या फरकांपैकी सुमारे ७० टक्के वाटा आनुवंशिकतेचा, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वभावाच्या बाबतीत तर आणखी धक्का होता. वेगळ्या घरांत वाढलेली एकरूप जुळी एका घरात वाढलेल्या एकरूप जुळ्यांइतकीच एकमेकांसारखी निघाली. एकच आईबाप, एकच ताट, एकच शिस्त, यामुळे साम्यात म्हणावी तशी भर पडलेली दिसेना. घरोघरच्या आईवडिलांना हे ऐकायला मुळीच आवडलं नसणार. २०१५ साली टिंका पोल्डरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या पन्नास वर्षांच्या जुळ्यांच्या अभ्यासांची एकत्र मोजदाद केली. २,७४८ शोधनिबंध, १७,८०४ गुणधर्म, दीड कोटीच्या घरात जोड्या. सगळ्यांची सरासरी काढली तर आनुवंशिकतेचा वाटा आला ४९ टक्के. दीडशे वर्षांच्या भांडणाचा निकाल एका टक्क्यानं बरोबरीत सुटल्यासारखा.

या सरासरीच्या पोटात मात्र रंजक बारकावे आहेत. कोणत्या देवाला हात जोडायचे हे जवळजवळ पूर्णपणे घर ठरवतं. मात्र मोठेपणी माणूस त्या देवात किती गुंततो, यात जनुकांचा वाटा दिसतो. राजकारणाचंही तसंच. कुठल्या पक्षाचा झेंडा खांद्यावर घ्यायचा हे घरातून येतं, पण नव्या गोष्टींचं स्वागत करायचं की जुनं धरून ठेवायचं हा मूळचा कल अंशतः वाणातून येतो. भाषा घर देतं, बडबडेपणा बराचसा सोबत येतो. घटस्फोटासारख्या गोष्टीतसुद्धा एकरूप जुळ्यांचं साम्य साध्या जुळ्यांहून जास्त दिसलं आहे. याचा अर्थ घटस्फोटाचं जनुक असतं असा नव्हे. रागाचा पारा, अस्वस्थता, धोका पत्करायची हौस असे स्वभावाचे पन्नास धागे रक्तातून येतात, आणि त्यांतले काही लग्नाच्या गाठीवर ताण देतात.

आता या टक्क्यांचा जो सर्रास गैरसमज होतो, त्याविषयी. उंचीत ८० टक्के आनुवंशिकता म्हणजे एखाद्याच्या साडेपाच फुटांतले साडेचार फूट आईबापांनी दिले आणि उरलेला एक फूट दुधाभातानं, असं नाही. हा आकडा एका माणसाचा नसतोच. एका समाजातल्या माणसामाणसांतल्या फरकांची ती वाटणी असते. हाताला पाच बोटं असणं शंभर टक्के जनुकांचं काम. पण लोकांच्या बोटांच्या संख्येत जो फरक दिसतो तो बहुतेक कडबाकुट्टी, लाकूडकटाई आणि कारखान्यातल्या यंत्रांमुळे. म्हणून बोटांच्या संख्येची 'आनुवंशिकता' शून्याजवळ येते. पहिल्यांदा ऐकताना डोकं गरगरतं, पण हा एक दाखला पक्का झाला की वर्तमानपत्रातल्या निम्म्या मथळ्यांची हवा निघून जाते.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० मध्ये दिलेला दाखला आपल्या मातीत असा मांडता येईल. एकाच पोत्यातलं ज्वारीचं मिश्र बियाणं घ्या. अर्धं काळ्याभोर रानात पेरा, अर्धं मुरमाड माळावर. काळ्या रानातल्या ताटांत जो उंचसखलपणा दिसेल तो बियाण्यातल्या फरकाचा, कारण माती सगळ्यांना एकच मिळाली. माळावरच्या ताटांचंही तसंच. पण काळं रान आणि माळ यांच्यातला जो फरक, तो निव्वळ मातीचा. दोन्ही रानांत आनुवंशिकता शंभर टक्के, आणि तरी माळावरचं पीक खुजं.

माणसांत हे घडतं का? व्हर्जिनिया विद्यापीठाचे एरिक टर्कहायमर यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांच्या बुद्ध्यंकाचा हिशेब घराच्या आर्थिक स्थितीनुसार वेगळा केला. खात्यापित्या घरांत जनुकांचा वाटा मोठा निघाला, पण हलाखीच्या घरांत तो शून्याजवळ येऊन ठेपला. तिथे बियाणं काय आहे हे दिसायचीच सोय नव्हती. सगळा फरक परिस्थितीच पाडत होती. युरोपातल्या अभ्यासांत हा प्रकार असा ठळक दिसला नाही. तिथल्या शाळा आणि दवाखाने गरिबालाही बऱ्यापैकी हात देतात, हे त्याचं एक कारण असावं. बुशार्ड यांच्या गटानंही १९९०च्या निबंधात हा इशारा दिला होता, की आपल्याकडे आलेल्या जोड्यांत खऱ्या दारिद्र्यात वाढलेली माणसं फारशी नाहीत. मथळे देणाऱ्यांनी तो वाचला नाही. जुळ्यांची बहुतांश माहिती अमेरिका, पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियातली आहे, आणि तिथला ७० टक्क्यांचा आकडा उचलून मेळघाटातल्या किंवा धारावीतल्या मुलाच्या बुद्धीवर शिक्का मारणं हा अडाणीपणा ठरेल. आपल्या शेजारी श्रीलंकेनं १९९७ पासून जुळ्यांची स्वतंत्र नोंदवही उभी केली. केरळच्या कोडिन्ही गावात जुळ्यांच्या शेकडो जोड्या आहेत आणि संशोधकांपेक्षा कॅमेरेवाल्यांनीच त्या गावाच्या जास्त वाऱ्या केल्या असतील.

या शास्त्राचा इतिहास स्वच्छ नाही, आणि तो झाकून पुढे जाणं बरं नव्हे. जुळ्यांकडे प्रश्न सोडवण्याचं साधन म्हणून पहिल्यांदा पाहिलं ते चार्ल्स डार्विनचा नातलग फ्रान्सिस गॉल्टन यानं, १८७५ साली. त्यानं जुळ्यांना आणि त्यांच्या नातेवाइकांना प्रश्नावल्या पाठवल्या आणि वाणाचं पारडं जड असल्याचा निर्वाळा दिला. आठ वर्षांनी त्यानंच 'युजेनिक्स' हा शब्द घडवला. चांगल्या वाणाची पैदास वाढवा, वाईट वाणाची थांबवा, हे त्याचं सार. गुरांच्या बाजारातला हा विचार माणसांवर लावला की काय होतं ते आउश्वित्झच्या छळछावणीत दिसलं. योझेफ मेंगेले हा डॉक्टर रेल्वेतून उतरणाऱ्या कैद्यांतून जुळी मुलं हुडकून बाजूला काढायचा. त्यांच्यावर प्रयोग व्हायचे, आणि एक भावंड मेलं तर तुलना करण्यासाठी दुसऱ्यालाही मारलं जायचं. सुमारे दीड हजार जोड्या त्याच्या हाती सापडल्या असं मानलं जातं. त्यांतली जेमतेम दोनशे मुलं जगली.

दुसरा डाग लबाडीचा. ब्रिटनचे सर सिरिल बर्ट हे शिक्षण-मानसशास्त्रातलं फार मोठं नाव. वेगळ्या वाढलेल्या एकरूप जुळ्यांच्या ५३ जोड्या तपासल्याचा त्यांचा दावा होता. १९७१ मध्ये ते वारले आणि त्यानंतर प्रिन्स्टनच्या लिऑन कामिन यांनी त्यांचे जुने निबंध शेजारी ठेवून वाचले. जोड्या २१ असताना साम्याचा आकडा ०.७७१. जोड्या वाढून ५३ झाल्या तरी ०.७७१. तिसऱ्या दशांशापर्यंत जागचा न हललेला आकडा! एकदा मांडलेला हिशेब बर्ट यांनी पुढच्या पानांवर नुसता उतरवला होता की जोड्याच कागदावरच्या होत्या, यावर त्यांचे चाहते आणि टीकाकार भांडत राहिले. त्या आकड्याला आता कुणी हात लावत नाही.

तिसरी गोष्ट न्यूयॉर्कमधली. १९६०च्या दशकात तिथल्या एका दत्तकसंस्थेनं जुळी आणि तिळी मुलं मुद्दाम वेगवेगळ्या घरी दिली. बालमनोविकारतज्ज्ञ पीटर नॉयबाउअर आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं त्या घरी जायचे, मुलांच्या चाचण्या घ्यायचे, फिल्म काढायचे. तुमच्या मुलाला जुळं भावंड आहे हे आईबापांना कुणी सांगितलं नाही. दत्तक मुलांची वाढ कशी होते ते पाहतोय, एवढंच सांगितलं जाई. १९८० मध्ये त्यांतलाच एकोणीस वर्षांचा एक मुलगा नव्या कॉलेजात गेला, तर अनोळखी पोरं त्याला मिठ्या मारून भलत्याच नावानं हाका मारू लागली. त्याचा भाऊ आदल्या वर्षी तिथे शिकत होता. दोघांचा फोटो छापून आला आणि तो पाहून तिसरा उगवला. तिघं देशभर गाजले. टीव्हीवर एका सुरात बोलले, एकाच ब्रँडच्या सिगारेटी ओढल्या, न्यूयॉर्कमध्ये तिघांचं रेस्तराँ निघालं. प्रत्येक मुलाखतीत प्रश्न एकच, तुमच्यात सारखं काय? वेगळं काय, हे कुणी विचारलं नाही. मुळात तिघं तीन वेगळ्या थरांतल्या घरांत, तीन वेगळ्या बापांच्या हाताखाली वाढले होते. व्यवसायात खटके उडाले, एक बाहेर पडला, आणि १९९५ मध्ये त्यांच्यातल्या एकानं आत्महत्या केली. नॉयबाउअर यांनी या अभ्यासाचा पूर्ण निष्कर्ष कधीच छापला नाही. कागदपत्रं येल विद्यापीठात २०६५ सालापर्यंत कुलूपबंद आहेत. या तिघांवरचा 'थ्री आयडेंटिकल स्ट्रेंजर्स' हा माहितीपट २०१८ मध्ये आला तो पाहण्यासारखा आहे. साम्याची गंमत त्यात पहिल्या अर्ध्या तासातच संपते.

जुळ्यांच्या अभ्यासातलं खरं नवल तिथूनच पुढे सुरू होतं. एकरूप जुळी एकाच घरात वाढली, म्हणजे वाणही एक आणि गोठाही एक. मग त्यांचे स्वभाव तंतोतंत जुळायला हवेत. पण तिथेही साम्याचा आकडा ०.५च्या आसपासच अडकतो. स्किझोफ्रेनियासारखा आजार घ्या. त्यात आनुवंशिकतेचा हात मोठा आहे हे नक्की, तरीही एकरूप जुळ्यांतल्या एकाला तो झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता जुन्या अभ्यासांत निम्म्याच्या आसपास आणि नव्या मोठ्या नोंदींत एक तृतीयांश इतकीच निघते. उरलेल्या जोड्यांत एक भावंड आजारी आणि दुसरं आपलं नोकरी-संसार करतंय. हा फरक आला कुठून? दोन्ही म्हणी इथे गप्प बसतात.

थोडा उलगडा होतो आहे. फलित बीज दुभंगतं त्याच सुमारास पेशींच्या नकलांत चुका होतात. आइसलँडमध्ये ३८१ जोड्यांचे संपूर्ण जनुकीय नकाशे वाचले तेव्हा एकरूप जुळ्यांतही अशा सुरुवातीच्या बदलांचा सरासरी पाचेक जागी फरक सापडला. निबंध २०२१ मध्ये आला. म्हणजे 'एकरूप' हा शब्दही थोडा सैलच. त्याआधी २००५ मध्ये स्पेनमधल्या मानेल एस्तेयर यांच्या गटानं दाखवलं होतं की जनुकं चालू-बंद करणाऱ्या रासायनिक खुणा तीन वर्षांच्या जुळ्यांत जवळजवळ सारख्या असतात, आणि पन्नाशीत पोचलेल्या जुळ्यांत बऱ्याच वेगळ्या झालेल्या असतात. बोटांचे ठसे तर आईच्या पोटातच वेगळे होतात. त्यामुळे आधारच्या अंगठ्याच्या यंत्रापुढे जुळ्यांची लबाडी चालत नाही. चेहरा पाहून उघडणारा मोबाइल मात्र फसतो.

आणि उंदरांची गोष्ट. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांनी एकसारखे असे ४० उंदीर एका मोठ्या पिंजऱ्यात सोडले. त्यात मजले होते, नळ्या होत्या, खेळणी होती. प्रत्येक उंदराच्या अंगावर खूण बसवून तो कुठे कुठे जातो ते तीन महिने टिपलं. वाण एक, घर एक, खाणं एक. सुरुवातीला उंदीर बरेचसे सारखे वागत होते. हळूहळू कुणी भटक्या झाला, कुणी कोपरा धरून बसला, आणि दिवसेंदिवस त्यांच्यातलं अंतर वाढत गेलं. भटक्यांच्या मेंदूत नव्या पेशीही जास्त तयार झालेल्या आढळल्या. २०१३ मध्ये हे 'सायन्स'मध्ये छापून आलं. पहिल्या दिवशी एखादा उंदीर उगाच डाव्या नळीत शिरला असेल. त्या एका वळणातून पुढची वळणं निघाली असतील. याला शास्त्रज्ञ 'वाट्याला आलेलं वेगळं वातावरण' असं भारदस्त नाव देतात. गावातला म्हातारा त्याला नशीब म्हणेल. दोघांपैकी जास्त माहिती कोण देतंय, हे सांगणं कठीण आहे.

ज्योतिषांनाही जुळ्यांनी हाच पेच घातला आहे. चार मिनिटांच्या अंतरानं, एकाच दवाखान्यात जन्मलेल्या दोघांच्या पत्रिका मांडायच्या आणि एकाचं लग्न पंचविशीत, दुसऱ्याचं कधीच नाही, हे कसं सांगायचं? जनुकांची पत्रिका जवळजवळ एक असली तरी तेच होतं.

घरात जुळी असणाऱ्यांना यातून एक कामाची गोष्ट मिळते. आपल्याकडे जुळ्यांना एकाच कापडाचे कपडे आणि यमक जुळणारी नावं देण्याची हौस फार. शाळेत घालताना एका तुकडीत ठेवावं की वेगळं, यावर घरात बैठका होतात. ब्रिटन आणि कॅनडातल्या हजारो जुळ्यांच्या निकालांची तुलना झाली आहे. एकाच वर्गात बसलेल्या आणि वेगळ्या वर्गांत बसलेल्या जुळ्यांच्या प्रगतीत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. तेव्हा शाळेच्या नियमापेक्षा मुलांनाच विचारावं. ती दोन आहेत, उत्तरंही दोन येऊ शकतात.

या सगळ्या आकडेमोडीची टोकाची कसोटी कुठल्याही प्रयोगशाळेनं न मांडता इराणमध्ये मांडली गेली. फलित बीज फार उशिरा, दोन आठवड्यांच्या सुमारास दुभंगायला लागलं आणि दुभंगणं अपुरं राहिलं तर जोडशरीराची जुळी जन्मतात. लादान आणि लाले बिजानी या बहिणी १९७४ मध्ये अशा जन्मल्या. मेंदू दोन, पण कवट्या एकमेकींना जुळलेल्या आणि मेंदूतून रक्त वाहून नेणारी मोठी शीर सामायिक. जनुकं एक, घर एक, शाळा एक, ताट एक, आणि तेही आयुष्यातल्या प्रत्येक क्षणी. एकीला जे दिसलं, ऐकू आलं, ते दुसरीच्या कानाशी. गोठा याहून एक असू शकत नाही.

तरी लादान बोलघेवडी आणि लाले शांत. लादानला वकील व्हायचं होतं, लालेला तेहरानमध्ये पत्रकार. विद्यापीठात दोन अभ्यासक्रमांना बसणं शक्य नव्हतं, म्हणून दोघींनी कायद्याची पदवी घेतली, म्हणजे लालेनं बहिणीसाठी आपलं मन मारलं. वेगळं होण्याची इच्छा मात्र दोघींची होती. शस्त्रक्रियेत जीव जाण्याची शक्यता मोठी आहे हे डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि ते ऐकूनही त्या सिंगापूरला गेल्या. पन्नास तासांहून जास्त काळ शस्त्रक्रिया चालली. ८ जुलै २००३ रोजी, वयाच्या २९व्या वर्षी, थोड्याच वेळाच्या अंतरानं दोघी गेल्या. कवट्या तोवर वेगळ्या झाल्या होत्या. इराणच्या फार्स प्रांतात, त्यांच्या मूळ गावी, दोघींना शेजारीशेजारी पुरलं आहे. कबरी दोन आहेत.